पाळण्यातलं वजन

"भाभीजी, पाळण्यात वरवंटाच ठेवायचा. और कुछ मत रखना. समझ रहे हो ना?"

श्रीराम भियांनी फोनवर हे मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी "हो भिया, हो" म्हटलं, एका हाताने पूर्वाचं नाक पुसलं आणि दुसऱ्या हाताने फोन ठेवला. सात महिन्यांचं मूल कडेवर असताना माणूस दगडाधोंड्याचा किती विचार करणार? आणि खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं. नाटकवाल्यांच्या असतात अशा एकेक समजुती, असं म्हणून मी सोडून दिलं.

कार्यक्रम इंदुमतीबाईंचा होता. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात अप्पासाहेब राहतात, बँकेतून रिटायर झालेले. ते आपल्या खालच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता गाणं ठेवतात. तीस-पस्तीस माणसं, गाद्या, गुडघेदुखीवाल्यांसाठी मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्या महिन्यात त्यांनी इंदुमतीबाईंना तयार केलं होतं. संगीत नाटकात त्यांनी चाळीस वर्षं काढली, पण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे होती ती फक्त आईची कॅसेट. कुणीतरी प्रयोगात बसून भरून घेतलेली. त्यात त्यांचा पाळणा होता. आई मला तो लावून झोपवायची. दुसऱ्या कडव्याच्या आधी प्रेक्षकांतला कुणी माणूस खोकतो, तो खोकलासुद्धा मला पाठ होता. आई गेली, कॅसेट बुरशीने गेली, आणि पूर्वा झाल्यापासून मला तो पाळणा परत हवा होता. तिच्या कानावर एकदा तरी पडावा, एवढंच.

म्हणून अप्पासाहेबांना मीच म्हटलं, तयारीला मी आहे. पाळणा बाईंचा स्वतःचाच येणार होता, नाटकातला, हातभर लांबीचा, लाकडी. श्रीराम भिया तो टेम्पोत घालून आणणार होते. ते पूर्वी बाईंच्या नाटक कंपनीत सामान सांभाळायचे. आता मल्हारगंजात हार्मोनियम दुरुस्त करतात आणि बाईंना साथ करतात. पाळण्यात ठेवायला वरवंटा मात्र घरचा लागतो, बारसं झालेल्या घरचा, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचा होता तो कुठल्यातरी दौऱ्यात हरवला.

आता आमच्या फ्लॅटमध्ये वरवंटा कुठला? मिक्सर आहे. पूर्वाच्या बारशाला वापरलेला वरवंटा बेटम्याला, सासूबाईंकडे. आमच्यात बारशाला आधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, कुंची बांधतात, आणि बाळाच्या आधी त्याला पाळण्यात निजवतात. मग बाळ. तो वरवंटा शनिवारी माझा नवरा हृषीकेश घेऊन येणार होता. तो पिथमपूरच्या कामावरून येताना बेटम्याला गेलाच नाही.

"यार यामिनी, एका दगडासाठी मी उलटा तिकडे जाऊ? कपडा गुंडाळ ना काहीतरी. समोरून कोण बघतंय?"

मीही तेच केलं. रविवारी चार वाजता स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला, वजन हवं, नाहीतर पाळणा नीट झुलणार नाही. पोह्यांची एक किलोची न फोडलेली थैली होती. ती पूर्वाच्या दुपट्यात गुंडाळली आणि वरून पूर्वाची कुंची घातली. धुवायला टाकलेली होती तीच, तिच्या डोक्याचा वास असलेली. दिसायला इतकं हुबेहूब झालं, की हृषीकेश म्हणाला, "हिचं नावही ठेवून टाक."

पूर्वाचं वजन मी त्याच सकाळी केलं होतं. दर रविवारी करते. आधी मी एकटी काट्यावर, मग तिला घेऊन. सात किलो चारशे.

इंदुमतीबाई साडेचारला आल्या. मी कल्पना केली होती त्याहून पुष्कळ लहान होत्या, चणीने. सुती साडी, कानात साधे मोती. गायच्या आधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून श्रीराम भियांच्या पेटीवर ठेवलं. मी कुंचीतलं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बाळासारखंच घेतलं, मानेखाली तळहात देऊन. जरा थांबल्या.

"हलकी आहे गं," म्हणाल्या.

श्रीराम भिया पेटीचा भाता सोडवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी पूर्वाला मांडीवर घेऊन पुढच्या गादीवर बसले.

पहिला तास त्यांनी निरनिराळी पदं म्हटली. नाट्यगृहात गाणं दुरून येतं. इथे त्या माझ्यापासून दोन हातांवर होत्या. श्वास घेताना गळ्याची शीर दिसत होती. तान संपली की ओठ मिटायच्या, आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज परत यायचा. मग त्यांनी पाळणा पुढे ओढला आणि प्रसंग सांगितला. राणीचं बाळ मारायला माणसं दाराबाहेर उभी आहेत. दासीने बाळ मागच्या दाराने पळवून नेलंय. आत राणी रिकाम्या पाळण्यात कपड्यांचं बाळ निजवून गाते आहे. बाहेरच्यांना वाटलं पाहिजे, मूल इथेच आहे. गाणं थांबलं, की ते आत शिरणार.

"म्हणून हे पद गाताना शंका ठेवून चालत नाही," बाई म्हणाल्या. "मी म्हणते, की आहे. मग असतं."

लोक कौतुकाने हसले. मीही.

त्यांनी दोरी हातात घेतली आणि धरलं, "नीज गं, तुझ्या वाटचं मी जागते." त्यांनी आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाळण्यातच बघत होत्या. दुसऱ्या कडव्याच्या आधी मी नकळत त्या खोकल्याची वाट बघितली, आणि मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी खोकलं. तसंच, तितकंच. मी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मांडीवर बघते तर पूर्वा झोपलेली. ही मुलगी अर्धा तास थोपटल्याशिवाय कधी डोळा मिटत नाही.

पद संपलं आणि अप्पासाहेब ओरडले, "वन्स मोअर!" जुन्या माणसांना जुनी लहर आली. बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा ओरडायला मी होते. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता, आणि पूर्वा दचकलीसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी पाळण्याच्या कड्या करकरायला लागल्या. आधी त्या वाजत नव्हत्या.

निघताना बाईंनी गाठोडं उचललं ते दोन्ही हातांनी. "हे माझ्याकडे राहू दे? छान बांधलंयस."

माझ्या आईच्या कॅसेटमधली बाई माझ्याकडे काहीतरी मागत होती. मी म्हटलं, "अहो, घेऊन जा ना!"

पुढच्या रविवारी पूर्वा सात किलो शंभर भरली.

मी काट्याचे सेल बदलले. त्याच्या पुढच्या रविवारी सहा आठशे. दूध नेहमीसारखं, वरणाचं पाणी नेहमीसारखं, ताप नाही, जुलाब नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, सगळं नॉर्मल. "काटा बदलून बघा," म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी बाळांचा डिजिटल काटा मागवला. तोही तेच बोलला. हृषीकेश म्हणाला, "तू हिला दिवसातून चारदा तोलतेस, घाबरून आटली असेल बिचारी." पण त्यानेही त्या रात्रीपासून फोनवर क्रिकेट बघणं सोडलं.

नुसतं वजन नव्हतं. पूर्वा पालथी पडायला लागली होती, ते बंद झालं. रडणंही कमी झालं. ठेवू तिथे, ठेवू तशी पडून राहायची.

अशातच इंदुमतीबाईंचा फोन आला, दुपारी. कार्यक्रमाबद्दल दोन शब्द बोलल्या, मग म्हणाल्या, "कशी आहे गं तुझी?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"आमची मजेत आहे. काल पालथी पडली."

मला वाटलं, वय झालंय, चेष्टा करताहेत. "हो का?" म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं, पूर्वा पालथी पडायची हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

श्रीराम भियांना फोन लावला. वजनापासून बाईंच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं.

"भाभी, काय ठेवलं होतं?"

"पोहे. पूर्वाच्या कुंचीत."

"कुंची बच्ची की थी? पहनी हुई?" मग त्यांनी श्वास सोडला. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला. कंपनीत एकदा वरवंटा विसरला, अन् आम्ही नारळ ठेवला. तिसरा अंक संपेपर्यंत त्याला कोंब आला होता, ये लंबा. बाई गाते तेव्हा पाळण्यात जे असेल ते वाढतं. कुठून वाढतं, ते मला नका विचारू. जिसकी चीज, उसी से. म्हणून दगड. पत्थर बढता नहीं, भाभी."

"बाईंना माहितेय हे?"

"त्यांना काय माहिती असणार? त्यांना तर प्रत्येक वेळी वाटतं, की बाळच आहे. त्याशिवाय असं गाता येतं का?" आणि आवाज खाली करून म्हणाले, "त्यांचं स्वतःचं कोणी नाही. रोज दुपारी म्हणताहेत पाळणा, महिन्याभरापासून. पूरी गली सुनती है. मला वाटलं, रियाज."

मी एम.एस्सी. आहे. बायोकेमिस्ट्री. लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात शिकवलं. हे ऐकून मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी काय केलं ते असं: पूर्वाला कांगारू बॅगेत घातलं आणि बेटम्याची बस पकडली.

सासूबाईंचं नाव शारदा, आणि प्रश्न विचारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण पूर्वाला हातात घेतल्यावर त्यांनी एकही विचारला नाही. आत गेल्या, वरवंटा धुतला, पुसला, पंच्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. एवढंच म्हणाल्या, "बारशाचा आहे. परत आण बरं का."

दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमानंतरच्या चौथ्या रविवारी, सकाळी पूर्वा सहा चारशे होती. बरोबर एक किलो कमी. तिला हृषीकेशजवळ ठेवून मी दुपारी तीनला मल्हारगंजात गेले. भांड्यांच्या दुकानांच्या मागे एक बोळ आहे, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं असा. तिथे पहिल्या मजल्यावर बाईंची खोली. पाळणा जिन्यापर्यंत ऐकू येत होता. पद नव्हे, नुसत्या कड्या. करर, करर.

"ये गं! बघ, बघ आमची कशी भरलीय."

खोली लखलखीत होती. पाळण्यावर आता चिमण्यांचं खेळणं टांगलेलं, खिडकीत वाळत घातलेल्या दोन लंगोट्या. मी पाळण्यात पाहिलं. कुंची भिंतीकडे वळलेली होती, पाठीसारखं काहीतरी माझ्याकडे. हलत नव्हतं. पण झोपलेल्या मुलाच्या खोलीत आपण जसं हळू बोलतो, तशी मी आपोआप हळू बोलायला लागले.

"चहा घेतेस ना?" बाई आत गेल्या. दोन हात अंतरावर, पडद्यापलीकडे. गॅस पेटल्याचा आवाज आला आणि त्यांनी तेच पद धरलं, गुणगुणत. "नीज गं…"

मी गाठोडं उचललं. पोह्यांची थैली किती जड असते, मला माहीत आहे, आठवड्याला एक आणतो आम्ही. ही दुप्पट होती. आणि कोमट होती. मी कुंची उघडून पाहिली नाही. ते पिशवीत घातलं, दुसरी धुतलेली कुंची आणली होती ती वरवंट्याला घातली, पाळण्यात अंथरलेल्या बाईंच्या दुपट्यात तो गुंडाळला, भिंतीकडे तोंड करून ठेवला. सगळं मिळून अर्धा मिनिट.

आतलं गुणगुणणं थांबलं.

"उठली का गं?"

"नाही," मी म्हटलं. "झोपलीय."

माझ्या आवाजात जराही कंप नव्हता.

चहा मी पूर्ण प्यायले. त्यांनी मला त्या नाटकातला फोटो दाखवला, राणीच्या वेशातला. त्यातही नजर पाळण्याकडे. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पोरीची काळजी करत जाऊ नकोस इतकी. होतात मोठ्या."

घरी येऊन गाठोडं काट्यावर ठेवलं. दोन किलो आणि वर थोडं, दुपट्याकुंचीचं. थैलीवर छापलेलं, एक किलो. शिलाई शाबूत.

ते मी पूर्वाच्या शेजारी ठेवलं. दुसरं काही सुचलं नाही. त्या संध्याकाळी ती महिन्यात पहिल्यांदा असं रडली, की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. मी दारात उभी राहून हसत होते. पुढच्या रविवारी पूर्वा सहा आठशे, गाठोडं तेवढ्यानेच हलकं. त्याच्या पुढे सात दोनशे. आता ती आठच्या वर आहे, रांगते, टीव्हीचा रिमोट चावते. थैली परत एक किलोवर आली आहे. हृषीकेश एका रविवारी म्हणाला, "ते पोहे तरी संपवू या," आणि मी त्याच्याकडे जे बघितलं, त्यानंतर त्याने विषय काढला नाही. ते मी केले नाहीत, टाकलेही नाहीत. माळ्यावर आहेत.

इथे संपवता आलं असतं, तर मी हे लिहिलं नसतं.

अदलाबदल केल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला होता. डिसेंबरातली दुपार. त्यांचा आवाज मी आधी ओळखला नाही. चाळीस वर्षं ज्या आवाजाने थिएटरं भरली, तो इतका बारीक झाला होता.

"यामिनी, ही हलत नाही गं. सकाळपासून हाका मारतेय. थंड लागते हाताला."

पूर्वा माझ्या मांडीवर होती. माझी सोनसाखळी तोंडात घालत होती. मला सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं, की बाई, तो दगड आहे, मी ठेवलाय, तुमची ती कधी नव्हतीच. पण मग त्यांनी विचारलं असतं, की माझी कुठे नेलीस.

मी म्हटलं, "थंडी पडलीय ना. पांघरूण घाला."

"हो," त्या म्हणाल्या. "हो, तसंच असेल. घालते."

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. मी केला, पंधरा दिवसांनी. वाजून वाजून बंद झाला. आता वाजतही नाही. श्रीराम भिया डोळ्यांच्या ऑपरेशनला मुलीकडे भोपाळला गेलेत, फेब्रुवारीत येतील. अप्पासाहेब म्हणतात, अहो, कलावंत माणूस, गेल्या असतील कुठे. सासूबाई दर फोनला विचारतात, वरवंटा कुठंय.

मी दोनदा गेले मल्हारगंजात. बोळाच्या तोंडाशी उभी राहिले, पूर्वा बॅगेत. दुसऱ्या वेळी वरून कड्यांचा आवाज येत होता. करर, करर. पद ऐकू आलं नाही. पूर्वाने मान उचलून त्या खिडकीकडे बघितलं आणि ती एकदम गप्प झाली. मी मागे फिरले. वर गेले तर बाई माझ्याकडे मागतील, आणि त्यांनी मागितलं की मला नाही म्हणता येत नाही, हे मी एकदा पाहिलंय.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही इंदूरचे असाल, त्या भागात जाणं होत असेल, तर भांड्यांच्या दुकानांच्या मागचा बोळ विचारा. हिरवा दरवाजा, पहिला मजला. आधी जिन्यातून हाक मारा, ताई म्हणून, त्यांना ते आवडतं. लहान मूल बरोबर नेऊ नका, मुलाचं काही अंगाखांद्यावर नको. पाळणा हलत असला तर हलू द्या. त्यांनी आत बघायला सांगितलं तर बघा, आणि काही बोलू नका. जेवल्या का विचारा. खोलीत ऊब आहे का बघा.

आणि मला कळवा. त्या बऱ्या आहेत ना, एवढंच बघून या.